दुसरा शनिवार

बाई : खोटा ई-मेल ओळखणं दहा मिनिटांत शिकवता येतं, काका. मी सातवीच्या लेकरांना शिकवलंय, त्यांच्या आयांनाही शिकवलंय. फळ्यावर आधी साधा पोस्टाचा पत्ता लिहिते : मुक्काम पोस्ट पिंपळगाव, जिल्हा परभणी. विचारते, पिंपळगावं किती? हशा पिकतो, कारण प्रत्येकाच्या मामाचं एकेक पिंपळगाव निघतं. मग आपलं कोणतं हे कशावरून ठरतं? शेवटच्या ओळीवरून. इंटरनेटचा पत्ताही असाच मागून वाचायचा. सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडून द्यायच्या, त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ येईल तिथं बोट ठेवायचं आणि बोटाच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. तिथं 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' असं संपत असेल तर घर स्टेट बँकेचं. पण 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप' असं लांबलं, तर घरमालक शेवटचा, म्हणजे केवायसी-अपडेट नावाचा कुणी उपटसुंभ. पुढचं सगळं नुसती पाटी. स्टेशन रोडवरच्या भेळेच्या गाड्यावर 'मुंबई' लिहिलंय म्हणून गाडा मुंबईत जात नाही, एवढं सांगितलं की पोरांना बरोबर समजतं. सरकारचं शेपूट 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'. बँकांना रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन 'बँक डॉट इन'वर आणलं. ते शेपूट बाजारात विकत मिळत नाही, रिझर्व्ह बँकेनंच काढलेली हैदराबादची संस्था ते देते. एवढं पक्कं झालं तरी निम्मी लढाई झाली, असं मी मानते.

कॅशिअर : पत्त्याचं उदाहरण झकास आहे. पण फळा सहा फुटांचा असतो, बाई, आणि मोबाईल सहा इंचांचा. ई-मेल उघडला की वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. तो बघायला नावावर टिचकी मारावी लागते, आणि ती मारायची असते हे ज्याला ठाऊक, तो बहुधा फसणाऱ्यांतला नसतोच. आत एक निळं बटण असतं. खरा पत्ता बटणाच्या पोटात. बोट दाबून धरलं तर दिसतो, जरा लवकर उचललं तर पानच उघडतं. ज्याला टाळायचं तेच बोटाच्या टोकावर! माझी दोन्ही मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की मला एम दिसतो. चष्मा न लागलेल्या तुम्हालाही तसाच दिसेल, कारण चोरानं ते त्याचसाठी शेजारी ठेवलेले असतात. आणि खरं बोलू का, 'जगात जर्मनी, देशात परभणी' म्हणणाऱ्या या आपल्या जिल्ह्यात ई-मेल उघडतो कोण? कृषी विद्यापीठातले लोक, कचेऱ्यांतले बाबू, मानवत-सेलूचे कापूसवाले, वकील आणि आम्ही बँकेतले. बाकीच्यांचा ई-मेल फोन विकणाऱ्या पोरानं दुकानात काढून दिलेला असतो, पासवर्डही त्यालाच माहीत. गळ टाकायला आधी तळं तरी पाहिजे.

बाई : उघडणारे थोडे आहेत, पण किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं उदाहरण मी नेहमी देते. २०१५ च्या जानेवारीत तिथल्या कर्मचाऱ्यांना एका होतकरू उमेदवाराचे अगदी अदबशीर ई-मेल आले : आपल्याकडे काम करण्याची इच्छा आहे, बायोडेटा इथं बघावा. कुणीतरी बघितला. चोर आत शिरले आणि वर्षभर बसून राहिले. ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री त्यांनी त्या बँकेच्या नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला आदेश धाडायला सुरुवात केली, जवळपास ९५ कोटी डॉलरचे. पुढचा दिवस शुक्रवार, ढाक्यात साप्ताहिक सुट्टी. ढाका जागं होईतो न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार. सोमवारी, पैसे पोचले होते त्या मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर असे हातोहात गेले. अजून २ कोटी श्रीलंकेला निघाले होते, ते मात्र वाचले. का? तर आदेशात 'फाउंडेशन'चं 'फॅन्डेशन' झालं होतं आणि मधल्या बँकेतल्या कुणाला ते खटकलं. म्हणून मी शिकवते, भाषा बघा, चुका बघा. एका अक्षरानं २ कोटी डॉलर वाचतात.

कॅशिअर : आणि ८ कोटी १० लाख जातात, ते शुद्ध भाषेतून. तुमचीच गोष्ट तुमच्या विरोधात साक्ष देते, बाई! उलट चुकांचं एक निराळंच गणित आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली नावाच्या संशोधकानं २०१२ मध्ये एक निबंध लिहिला होता : हे नायजेरियाचे ठग आपण नायजेरियाचे आहोत असं उघड का सांगतात? त्याचं उत्तर असं की, पत्र वाचूनच ज्याला हसू येतं तो चोराला नकोच असतो. पुढे आठ दिवस त्याच्याशी बोलत बसायचं आणि शेवटी तो निसटायचा, हा चोराचा तोटा. बावळट पत्र ही चोराची चाळण असते. म्हणजे चुका असलेला मेल शहाण्याला गाळून टाकायला, आणि बिनचूक मेल शहाण्याला धरायला. तुम्ही कुठल्या बाजूनं ओळखणार? त्यात आता यंत्राला सांगितलं की ते शुद्ध, सालस, मुद्देसूद मराठीत पत्र लिहून देतं. खरं सांगतो, आमच्या बँकेच्या खऱ्या नोटिशीत जितक्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असायच्या तितक्या आता चोरांच्या पत्रात सापडत नाहीत. सुट्टीचं मात्र तुम्ही बरोबर धरलंत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ रोजी. दुसरा शनिवार.

बाई : तुम्ही तेव्हा नोकरीत होता?

कॅशिअर : शेवटची वर्षं होती. सहकारी बँकवाल्यांना ती बातमी घरातल्या मयतासारखी लागली होती. एटीएम मशीन नोटा सोडण्याआधी बँकेला विचारतं, देऊ का? खात्यात आहेत का? विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधोमध चोरांनी आपला एक बोलका पोपट बसवला, आणि तो पोपट येईल त्याला 'दे' म्हणत राहिला. २८ देशांतल्या मशीनमधून एका दुपार-संध्याकाळीत ७८ कोटी निघाले. भारतातूनही अडीच कोटी, त्यात आपलं कोल्हापूरसुद्धा. सोमवारी १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा दिली, ती नोटा काढणारी प्यादी. हे मी कशाला सांगतोय? मी चाळीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात बसलो. खोटी नोट मला डोळे मिटून कळायची. बंडल फेटताना अंगठ्याला मध्येच एक पान वेगळं लागतं, हात आपोआप थांबतो. पण बाई, खोटी नोट ओळखायला मी कधी खोट्या नोटांचा अभ्यास केला नाही. दिवसाला लाखानं खऱ्या मोजल्या. खरं अंगवळणी पडलं की खोटं आपणहून टोचतं. आता मला सांगा, खरा ई-मेल कसा असतो?

बाई : म्हणजे... बँकेचा? बँकेच्या शेपटाचा पत्ता, तुमचं पूर्ण नाव, ओटीपी-पासवर्ड विचारलेला नसतो, घाई केलेली नसते.

कॅशिअर : असावा असा. असतो कसा? मागच्या वर्षीचं माझंच सांगतो, बँकेचं नाव घेत नाही. मला ई-मेल आला, 'आपली केवायसी मुदत संपत आहे, खालील दुव्यावर जाऊन अद्ययावत करा, अन्यथा खात्यावरील व्यवहार थांबवले जातील.' घाई होती, धमकी होती, दुवा होता, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेचा नव्हता, कुठल्याशा मेल पाठवणाऱ्या कंपनीचा होता. तुमच्या शाळेत शिकवतात ती चारही लक्षणं. मी हसलो, बायकोला दाखवलं, म्हणालो, बघ, मला फसवायला निघालेत. डिलीट केला. महिन्याभरानं पेन्शन जमा झाली आणि काढायला गेलो तर खातं गोठलेलं. तो मेल खरा होता! शाखेत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, सर, आम्ही कळवलं होतं. दोन खेपा, आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, फोटो, सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत औषधं उधारीवर आणली. मी चोराला ओळखलं आणि ज्यांना ओळखायला पाहिजे होतं ते चोराच्या वेशात आले होते. नोटेला एक ठरलेलं तोंड असतं, बाई. ते बदलायचं तर रिझर्व्ह बँक तसं जाहीर करते. या मेलना तोंडच नाही. दर सणाला नवीन रंग, नवी चिन्हं, नवा दुवा, वर 'येथे क्लिक करा' आणि खाली बारीक अक्षरात 'अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका'. माणसाला फसायला शिकवतात ते हेच.

बाई : हे मी मान्य करते. खरं सांगायचं तर वर्गात याचं उत्तर माझ्याकडे नसतं, म्हणून मी तो प्रश्नच येऊ देत नाही. पण यातून एक निघतं. आपण उगाच पंच होऊन बसतो, हा मेल खरा की खोटा, निकाल द्या. निकाल द्यायचाच कशाला? मेल खरा असो की खोटा, त्यातल्या दारानं आत जायचंच नाही. बँकेचं काम आहे असं वाटलं तर मेल बंद करायचा आणि आपल्या पायांनी आपल्या ओळखीच्या वाटेनं जायचं. स्वतः ॲप उघडायचं, पासबुकावरचा नंबर लावायचा, नाही तर शाखेत. त्या दिवशी तुम्ही मेल डिलीट केलात ते ठीकच. डिलीट करून तुम्ही शाखेत फोन केला नाहीत, तिथं फसलं. संशय घेतलात, पण तो अर्ध्यावर सोडलात. बघा, आपल्याकडे दारावर कुणी 'मी अमक्याचा पाहुणा' म्हणून आला तर आपण त्याच्या चेहऱ्याचा अभ्यास करत नाही, अमक्याला फोन लावतो. मी इथून पुढे लक्षणं कमी शिकवीन आणि वाट जास्त शिकवीन.

कॅशिअर : हे पहिल्यापेक्षा बरं आहे. पण 'आपली वाट' म्हणजे कुणाची हो? पालमच्या, सोनपेठच्या एखाद्या गावातली बाई घ्या. तिची बँकेची, सरकारची, विम्याची, सगळी वाट एकाच टपरीतून जाते, महा ई-सेवा केंद्र. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली, सप्टेंबर २०२५ मध्ये. तिच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचा ओटीपी. रांगेत पन्नास बाया. मी नातीला घेऊन उभा होतो म्हणून डोळ्यांनी बघितलं. आतून पोरगा ओरडतो, 'मावशी, ओटीपी सांगा लवकर, साइट बंद पडती.' मावशीला वाचता येत नाही, ती फोन खिडकीतून आत देते. ओटीपीच्या मेसेजखाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. शेतकरी ओळख क्रमांकाला तेच, पीकविम्याला तेच, पीएम किसानला तेच. गेली काही वर्षं सरकार तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतंय : कुणी ओटीपी मागितला की सांगायचा, नाही तर हप्ता अडकतो. आणि मग तुम्ही रविवारी जाऊन तिला सांगता, ओटीपी सांगू नको. ती हो म्हणते, कारण बाई चांगल्या घरच्या दिसतात. सोमवारी परत खिडकीत फोन देते. ती मूर्ख आहे का? ती बरोबर वागते. १५०० रुपये तिला मिळतात ते ओटीपी सांगितल्यानं.

बाई : केंद्रावरची पोरं बहुतेक सचोटीची असतात, काका. त्यांच्याशिवाय गावं चालणार नाहीत.

कॅशिअर : सचोटीची असतात म्हणूनच तर सवय पक्की होते! खिडकीतला पोरगा लबाड असता तर ती एकदा ठेचाळून शिकली असती. भल्या माणसांनी भरवलेली सवय चोराच्या कामी येते. आणि चोर वेळ बघून येतो. हप्त्याची तारीख जवळ आली की 'पीएम किसान यादी' नावाची फाईल ग्रुपवर फिरते. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे पाण्यानं सोयाबीन कुजलं, सरकारनं मदत जाहीर केली, आणि जो तो अनुदानाच्या मेसेजची वाट बघत बसला. भुकेल्याला भाकरीचा फोटो पाठवला तर तो पत्ता मागून वाचेल की पुढून?

बाई : फाईलचं बोललात ते बरं झालं, कारण तिथं मात्र माझी शिकवणी चालते. हिंगोलीचं प्रकरण तुम्हाला माहीतच असेल.

कॅशिअर : हिंगोली म्हणजे आपलीच. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झाली.

बाई : २०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. खाली पत्रिका, दिसायला पीडीएफसारखी. दाबली. ती पीडीएफ नव्हती, ॲप बसवणारी फाईल होती, शेवटी एपीके. खात्यातून १ लाख ९० हजार गेले. आता हे कसं चालतं ते मी वर्गात फोन हातात घेऊन दाखवते. अशी फाईल दाबली की फोन गप्प बसत नाही, तो विचारतो : हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, बसवू का? मग विचारतो : याला तुमचे मेसेज वाचू देऊ का? दोनदा दार वाजतं आणि दोनदा आपण आतून कडी काढतो, कारण लग्न कुणाचं हे बघायची उत्सुकता. एकदा मेसेज वाचायला मिळाले की ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. लग्नपत्रिका मेसेज वाचायची परवानगी का मागेल? हा एक प्रश्न पोरांच्या डोक्यात बसला तरी खूप झालं. आठवीतली एक पोरगी घरी गेली आणि बापाच्या फोनमधून तसलं एक ॲप काढून आली. ते मी स्वतः बघितलं.

कॅशिअर : त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. आता याची दुसरी बाजू. ती फाईल एका फोनमध्ये बसली की अनेकदा त्याच फोनमधून पुढच्या शंभर जणांना जाते. म्हणजे मला पत्रिका येते ती माझ्या साडूच्या नंबरवरून, आणि साडूच्या घरात खरंच लग्नाचं बघणं चालू असतं. अनोळखी माणसापासून सावध राहा म्हणता, इथं ओळखच शस्त्र झाली. साडूची पत्रिका उघडली नाही तर उद्या तो म्हणेल, मोठे झालात, पत्रिका सुद्धा बघत नाही. आपल्याकडे मान-पानाच्या भांडणात सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं बोलत नाहीत. संशय फुकट नसतो, बाई. तुमच्या शिकवणीत त्याची किंमत कुठंच लिहिलेली नाही.

बाई : साडूला फोन करून विचारायचं. दोन मिनिटं.

कॅशिअर : दिवसाला किती दोन मिनिटं? त्याच हर्लीनं आधी २००९ मध्ये एक लिहिलं होतं, की लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते अडाणीपणानं नाही, हिशेबानं. रोज सगळ्यांनी सगळं तपासायचं तर त्या वेळेची किंमत चोरीपेक्षा जास्त होते. आणि शिकवून किती फरक पडतो तेही ऐका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या रुग्णालयांत साडेएकोणीस हजार कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग केला, त्याचा निबंध २०२५ मध्ये आला. स्वतःच लुटुपुटूचे फसवे मेल पाठवायचे, जो फसेल त्याला लगेच धडा द्यायचा. धडा मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक निघाला १.७ टक्के. ते लोक इंग्रजी शिकलेले, टेबलाशी बसलेले, पगारी. आपण पाथरीच्या बाजारातल्या माणसाकडून काय अपेक्षा करायची?

बाई : १.७ टक्के तो निव्वळ क्लिक केलं की नाही याचा आकडा आहे, काका. क्लिक केल्यानंतर माणूस काय करतो हे त्यात नाही.

कॅशिअर : त्यावर येऊच. आधी मला जे सगळ्यात खुपतं ते बोलू द्या. तुम्ही वर्ग घेता, शेवटी उपस्थितीची वही फिरवता, सह्या घेता. बरोबर? निधी देणाऱ्याला दाखवायच्या असतात. आता रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बघा, सहकारी बँकांना ते त्याच डिसेंबरात लागू झालं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे पळवले, आणि ग्राहकानं कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर. पण पुढे एक वाक्य आहे : ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलं, त्यानं आपली गुप्त माहिती दिली, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. सगळा खेळ त्या 'निष्काळजी' शब्दावर. तुमच्या वहीतली सही उद्या कुणी टेबलावर ठेवून म्हणालं, याला शिकवलं होतं, याला माहीत होतं, तरी यानं दिलं, तर? तुम्ही ज्याला शहाणा करता त्यालाच जबाबदार करून सोडता. चोर लांब राहिला, बँक लांब राहिली, केवायसीचे चोरासारखे मेल पाठवणारा साहेब लांब राहिला. उरला कोण? क्लिक करणारा.

बाई : हे... हे मी या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. पण न्यायालयं इतकी आंधळी नाहीत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीला ७६ लाख ९० हजार परत द्यायला बँकेला सांगितलंच की. तिथं ओटीपी न येताच खात्यात नवे लाभार्थी जोडले गेले होते, ग्राहकाचा दोष दिसत नव्हता, म्हणून त्याच परिपत्रकाचा आधार घेतला.

कॅशिअर : कंपनीला. वकील लावून, उच्च न्यायालयात जाऊन. आणि ओटीपी आलाच नव्हता म्हणून. मावशीनं तर फोन खिडकीतून दिलेला असतो.

बाई : तरीही वर्ग बंद करा असं तुम्ही म्हणू शकत नाही. आता त्या १.७ टक्क्यांच्या पुढचं ऐका. माझ्या वर्गाला दोन माणसं आली होती, दोघंही दुकानदार, गाव सांगत नाही. दोघांनाही पुढे गंडा बसला, म्हणजे शिकवणी दोघांच्याही बाबतीत फेल, तुमच्या प्रयोगासारखीच. एकानं बायकोपासून लपवलं, भावापासून लपवलं, पाच दिवस. दुकानात बसायचा आणि फोन उलटा ठेवायचा. लोक काय म्हणतील, शिकून आला आणि फसला. पाचव्या दिवशी मला सांगितलं तेव्हा पैसे चार खात्यांतून फिरून कुठल्या कुठे गेले होते. दुसऱ्यानं वीस मिनिटांत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, कारण तो आकडा मी फळ्यावर एवढा मोठा लिहून ठेवला होता आणि म्हणाले होते, फसलात तर लाजू नका, मी पण फसू शकते. तिकडून बँकांना निरोप जातो, पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथं धरून ठेवतात. त्याचे सगळे नाहीत, पण बरेचसे अडकले. म्हणजे मी जे शिकवलं त्यातलं पत्ता वाचणं वाया गेलं आणि एक फोन नंबर कामाला आला. फसल्यानंतर माणूस जिवंत राहतो, त्याला पुढचा तास असतो. तुमचं परिपत्रकसुद्धा तासांवर आणि दिवसांवरच चालतं ना? कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

कॅशिअर : हां. इथं मी तुमच्याशी भांडणार नाही. लाज हे चोराचं खरं भांडवल आहे. कॅशमध्ये शंभराची नोट कमी आली तर आम्ही खिशातून घालायचो आणि गप्प बसायचो. नंतर कळलं, सगळेच घालत होते. पण एक सांगा. 'फसलात तर लाजू नका' हे तुम्ही वर्गाच्या शेवटी सांगता. आणि सुरुवातीला पाऊण तास काय सांगता? हे ओळखणं किती सोपं आहे ते. दहा मिनिटांत येतं, सातवीच्या लेकरालाही येतं! मग जो फसला त्यानं लाजू नये तर काय करावं?

बाई : ...तुमचं म्हणणं, मी पहिला पाऊण तासच कापून टाकू?

कॅशिअर : मला माहीत नाही. कापलात तर ती आठवीची पोरगी बापाच्या फोनमधून ॲप काढणार नाही. ठेवलात तर तो दुकानदार फोन उलटा ठेवून बसणार. माझ्याकडे याचा हिशेब जुळत नाही, आणि मी हिशेबाचा माणूस आहे. बरं, ते राहू द्या. एक काम करा, तुम्ही शिकलेल्या आहात, हा मेल वाचा. आज सकाळी आलाय.

बाई : आणा इकडे. 'आपल्या खात्यावरील व्यवहार आज रात्री बारापासून...' पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेचा नाही, काका. कुठल्या तरी मेल पाठवणाऱ्या कंपनीचा दिसतोय.

कॅशिअर : मागच्या वेळीही असाच होता. खराच निघाला.

बाई : खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर आहेत का?

कॅशिअर : बरोबर आहेत. नाव बरोबर, शाखा बरोबर. पण ते आता कुणाकडे नाहीत?

बाई : दुवा लहान करून टाकलाय, मागचं काहीच दिसत नाही. भाषा शुद्ध आहे.

कॅशिअर : फार शुद्ध आहे. म्हणूनच शंका येते.

बाई : यावरून नाही ठरवता येत. दाबू नका, आणि डिलीटही करू नका. पासबुकावरचा नंबर लावा.

कॅशिअर : लावला. अकरा मिनिटं गाणं ऐकलं, मग बाई म्हणाल्या, केवायसीसाठी आपल्या शाखेशी संपर्क साधा.

बाई : मग शाखेत जाऊन विचारा ना, चालत पाच मिनिटांवर आहे.

कॅशिअर : कधीच गेलो असतो. आज दुसरा शनिवार.